केर, उकिरडा आणि पड जमीन : आचोळे गावाच्या अनुषंगाने स्थानिक नियमांचा विचार

स्थानिक स्वराज्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा निवडणुका, कर आणि अधिकारकक्षा ह्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. घरातील केर उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, तो कोणी उचलावयाचा, कोठे टाकावयाचा आणि ओसाड पडलेल्या जमिनीवर माजलेले रान कोणी काढावयाचे, हे प्रश्न ह्या इतिहासात तळटीपेच्या योग्यतेचेही मानले जात नाहीत. वस्तुतः सामान्य माणसाचा शासनसंस्थेशी जो नित्याचा संबंध येतो, तो पुष्कळ अंशी ह्याच प्रश्नांच्या द्वारे येतो. वसई तालुक्यातील आचोळे ह्या गावाच्या अनुषंगाने ह्या नियमांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आचोळ्याच्या परिसराने एका पिढीच्या आयुष्यात ग्रामपंचायतीचा, नगरपरिषदेचा आणि महानगरपालिकेचा असे तीन कायदे पाहिले. शिवाय आचोळ्याच्या हद्दीतील एका मोकळ्या जमिनीची अलीकडील हकीकत अशी आहे की, ह्या सर्व नियमांची परीक्षा तीत आपोआप होते. तिचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

आधीच सांगावयाचे ते इतकेच की, केर कोणी काढावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि न काढणाऱ्यास दंड किती, हे नियमांनी वारंवार ठरविले. केराला जागा कोणती, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र ते क्रमाक्रमाने गमावीत गेले. जुन्या गावगाड्यात ही जागा ठरलेली होती. कायद्याने ती सदोष ठरविली, आणि तिच्याऐवजी नेमलेली नवी जागा त्याला राखता आली नाही.

प्रथम जुन्या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. वसई तालुक्याचे लोहमार्गाने दोन भाग पडतात. पश्चिमेकडे वाड्यांचा, विहिरींचा, केळी-पानवेलींचा पट्टा. पूर्वेकडे भाताची खाचरे आणि त्यापलीकडे तुंगारेश्वराच्या डोंगराकडे चढत जाणारी वरकस जमीन. आचोळे हे ह्या पूर्वेकडील पट्ट्यातले, नालासोपाऱ्याला लागून असलेले, तलाव असलेले गाव. प्राचीन शूर्पारक येथून हाकेच्या अंतरावर आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ साली बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन केले तेव्हापासून ह्या परिसराकडे विद्वानांचे लक्ष गेले. परंतु ते बहुधा जमिनीखाली काय सापडते ह्याकडे गेले, जमिनीवर काय टाकले जाते ह्याकडे नव्हे.

भातशेतीच्या गावात घरचा केर हा शेतीचा एक भाग होता. उत्तर कोकणात भाताचे रोप तयार करण्यापूर्वी त्या जागेवर शेण, गवत, पालापाचोळा आणि झाडांची टहाळी पसरून ती जाळतात. ह्यालाच राब भाजणे म्हणतात. राबासाठी लागणारा पाला ही इतकी महत्त्वाची वस्तू होती की, सरकारी जंगलखात्याने टहाळी तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला आणि १८८५ साली मुंबई सरकारला त्यासाठी जंगल आयोग नेमावा लागला. ज्या पाचोळ्याला आज आपण कचरा म्हणतो, त्याच्या हक्कासाठी चौकशी आयोग बसला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. घरातील राख, शेण आणि खरकटे उकिरड्यावर जाई आणि उकिरडा वर्षातून एकदा शेतात जाई. ‘उकिरडा’ हा शब्द आज निव्वळ तिरस्काराने उच्चारला जातो. शेतकऱ्याच्या भाषेत मात्र तो ठेवीचा शब्द होता.

पड जमिनीचेही असेच. ‘पड’ म्हणजे टाकून दिलेली जमीन नव्हे, तर विसावा दिलेली जमीन. तीवर गुरे चरत, राबाचे गवत कापले जाई, आणि पहिल्या पावसानंतर उगवणारा टाकळा गरिबांच्या घरी पावसाळ्यातली पहिली भाजी म्हणून शिजे. नागरी कायद्याच्या परिभाषेत हाच टाकळा पुढे ‘अपायकारक वनस्पती’ ह्या सदरात जमा झाला. टाकळ्याचा गुणधर्म बदलला नव्हता. त्याच्याशेजारी राहणारा माणूस बदलला होता.

तथापि ह्या जुन्या व्यवस्थेचे वर्णन करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. केर जिरवण्याची जागा गावात ठरलेली होती, तसाच तो उचलणारा माणूसही ठरलेला होता, आणि तो जन्माने ठरलेला होता. मेलेले जनावर ओढून नेणे, चावडी झाडणे ही कामे महार वतनदारांवर लादलेली होती. त्यांच्या मोबदल्यात मिळणारे बलुते, मृत जनावराच्या कातड्यावरील हक्क आणि वतनाची तुटपुंजी जमीन ह्यांनी त्यांना त्या कामाशी जखडून टाकले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे वर्म अचूक ओळखले. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा आणि गावकीच्या अशा कामांपासून मुक्त होण्याचा उपदेश केला, आणि १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. गावाची स्वच्छता ही गावाची जबाबदारी न राहता एका जातीची वेठ होऊन बसली होती. म्हणूनच ‘पूर्वी गावे स्वच्छ असत’ हे विधान कोणाच्या श्रमाने, हे विचारल्यावाचून स्वीकारता येत नाही.

नियमांच्या परंपरेचा विचार करता आपल्याकडे ती पुष्कळ मागे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक नावाच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणी गल्लीत धूळमाती टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश दंड सांगितला आहे. चिखल वा पाणी तुंबवणाऱ्यास चतुर्थांश, आणि हेच राजमार्गावर घडल्यास दुप्पट. नगरात मांजर, कुत्रे, मुंगूस वा साप ह्यांचे प्रेत टाकल्यास ३ पण, गाढव, उंट, घोडा, गाय अशा मोठ्या जनावराचे टाकल्यास ६ पण आणि माणसाचे टाकल्यास ५० पण, अशी चढती श्रेणी तेथे आहे. मनुस्मृतीत राजमार्ग घाण करणाऱ्यास दोन कार्षापण दंड असून ती घाण त्यानेच लगोलग काढावी असे म्हटले आहे; वृद्ध, गर्भिणी आणि बालक ह्यांना दंड माफ, मात्र समज द्यावी. ह्या नियमांत सूक्ष्मता पुष्कळ आहे. परंतु ते सारे ‘येथे टाकू नये’ असे सांगतात. ‘तेथे टाकावे’ असे सांगणारा नियम शोधू गेल्यास फार थोडे हाती लागते.

म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे महत्त्व विशेष आहे. १७१५ च्या सुमारास रचलेल्या ह्या ग्रंथातील दुर्गप्रकरणात गडावरील स्वच्छतेविषयी आज्ञा आहेत. गडावरच्या वाटांवर, बाजारात आणि तटालगत केरकसपट मुळीच पडू देऊ नये. झाडून काढलेला केर गडाखाली ढकलून देऊ नये. तो जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून घरोघरी होईल तो भाजीपाला करावा, असा त्याचा आशय आहे. केर कड्यावरून खाली लोटणे ही गडावरची सर्वांत सोपी युक्ती. तिलाच अमात्यांनी स्पष्ट मनाई केली आहे. रान माजण्याविषयीही त्यांचा विवेक असाच आहे. तटावर उगवणारी झाडे वरचेवर कापून काढावी, तटाचे गवत जाळावे. परंतु गडाच्या रक्षणासाठी भोवताली राखलेल्या झाडीतील एक काठीही तोडू देऊ नये. झाडी एकच, पण तटावर ती शत्रू आणि घेऱ्यात ती पहारेकरी. वनस्पती अपायकारक आहे की उपकारक, हे ती कोठे उभी आहे ह्यावर ठरते, हे तत्त्व इतक्या नेमकेपणाने पुढच्या कोणत्याही नगरपालिका कायद्यात आढळत नाही.

अर्थात आज्ञापत्र हा वसई प्रांतासाठी केलेला कायदा नव्हे. ते लिहिले गेले तेव्हा वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती; १५३४ पासूनचा तो अंमल चिमाजी अप्पांनी १७३९ साली संपविला. शिवाय गड ही शिस्तीखाली असलेली लहानशी वस्ती. तेथील आज्ञा खुल्या गावाला जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. आज्ञापत्राचा दाखला येथे दिला तो एवढ्याकरिता की, मराठी राज्यव्यवहारात केराला जागा नेमून देण्याचा विचार झालेला होता आणि ती जागा घराचे परस ही होती.

इंग्रजी अंमलात ह्या विषयाचा पाया १८५० च्या २६ व्या कायद्याने घातला. गावातील रहिवाशांनी मागणी केल्यास आरोग्य व सोय ह्यांसाठी तेथे नगरपालिका स्थापावी, अशी त्याची योजना होती. वसईची नगरपालिका १८६४ साली अस्तित्वात आली. त्याच वर्षी बी. बी. सी. आय. कंपनीचा लोहमार्ग मुंबईपर्यंत येऊन पोचला. त्या वेळी ह्या दोन घटनांचा परस्परांशी संबंध कोणाच्या ध्यानात आला असण्याचा संभव नाही. परंतु पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी जो कचरा नगरपालिकांना आवरेनासा झाला, तो निर्माण करणारी वस्ती ह्याच लोहमार्गाने आणली.

आचोळे नगरपालिकेच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. खेड्यांसाठी मुंबई सरकारने १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा स्वतंत्र कायदा केला आणि स्वच्छता समित्यांची योजना आखली. पुढे १९२० व १९३३ चे ग्रामपंचायत कायदे आले. नगरांसाठी १८७३, १८८४ आणि १९०१ असे जिल्हा नगरपालिका कायदे झाले. ह्या मालिकेतील १९०१ चा कायदा आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. त्यात नगरपालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत सार्वजनिक रस्ते, जागा व गटारे साफ करणे, अपायकारक वनस्पती काढणे आणि सार्वजनिक उपद्रव दूर करणे ह्यांचा एका दमात उल्लेख आहे. मात्र साफ करावयाच्या मोकळ्या जागांतून खाजगी मालकीच्या जागा वगळल्या आहेत. खाजगी जागेसाठी वेगळे कलम आहे: ज्या मालकाची किंवा वहिवाटदाराची जमीन घाणेरडी राहिली असेल किंवा तीवर निवडुंग वा दुर्गंधीयुक्त रान माजले असेल, त्यास लेखी नोटीस द्यावी, वाजवी मुदतीत त्याने ती साफ न केल्यास त्यास दंड करावा.

कायद्यात निवडुंगाचे नाव यावे, हे आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग एकोणिसाव्या शतकात दख्खनभर इतका फोफावला होता की गावकुसे, पडक्या विहिरी, ओसाड वाडे त्याने गिळून टाकले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विशिष्ट कीटक सोडून त्याचा बंदोबस्त करण्यात आला. निवडुंग गेला, कायद्यातला त्याचा उल्लेख मात्र राहिला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीतही उकिरडे, वाढलेले रान आणि निवडुंग काढणे, वापरात नसलेल्या विहिरी व घाणीची डबकी बुजवणे, ही कामे एकाच नोंदीत सापडतात. दरम्यान मोकळ्या जागांवर घाणेरीने आपले बस्तान बसविले होते. तिचा उल्लेख करण्याचे मात्र कोणास सुचले नाही.

वरील कलमात दोन शब्द कळीचे आहेत: ‘मालक किंवा वहिवाटदार’ आणि ‘नोटीस’. १९०१ च्या सुमारास एखाद्या गावात पड जमिनीचा मालक कोण, हे तलाठ्याला सांगता येई. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळे मालक झाली, ही सामाजिक न्यायाची गोष्ट झाली. परंतु दोन पिढ्यांनंतर त्याच जमिनींच्या सातबारावर वारसांची लांबलचक यादी येऊ लागली. भातशेती परवडेना, जमीन विकण्याची बोलणी सुरू झाली, साठेखत, कुलमुखत्यारपत्र, हिश्श्यांचे दावे ह्यांच्या जाळ्यात ती वर्षानुवर्षे अडकून पडू लागली. अशा जमिनीवर रान माजल्यास नोटीस कोणावर बजावावयाची? जमिनीला पंधरा-वीस मालक आणि वहिवाटदार एकही नाही, ही स्थिती कायद्याने कल्पिलीच नव्हती. तिसऱ्या कोणी आणून टाकलेल्या कचऱ्याची तर गोष्टच वेगळी. उकिरडा हा नेहमी कोणाचा तरी असे. मोकळ्या जागेवरचा ढीग कोणाचाच नसतो.

१९५९ ह्या वर्षाकडे येथे लक्ष वेधणे अवश्य आहे. मुंबई राज्याने १९५८ साली सिद्ध केलेले दोन कायदे ह्या वर्षी अमलात आले. एक, कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा, दुसरा, ग्रामपंचायतींचा. पहिल्याने महारांच्या माथ्यावरील गावकीची वेठ कायद्याने संपविली. दुसऱ्याने मृत जनावरांची विल्हेवाट आणि गावची साफसफाई ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांत घातली. हे दोन कायदे शेजारी ठेवून क्वचितच वाचले जातात. एकत्र वाचले असता त्यांचा अर्थ असा होतो की, शतकानुशतके एका जातीकडून करवून घेतलेले काम त्या वर्षी प्रथमच सबंध गावाचे काम म्हणून कायद्याच्या पुस्तकात नोंदले गेले. माझ्या मते ग्रामस्वच्छतेच्या इतिहासातील हा खरा संक्रमणबिंदू होय. व्यवहारात काय घडले, ते सर्वांस ठाऊक आहे. काम पंचायतीचे झाले, पगार तुटपुंजा राहिला आणि झाडू बहुतेक त्याच वस्तीतील माणसाच्या हाती राहिला. मुंबई शहराच्या १८८८ च्या कायद्यात तर मैला वाहण्याच्या कराचे नावच ‘हलालखोर पट्टी’ असे होते. एका जमातीचे नाव करपावतीवर छापले गेले होते. हाताने मैला वाहून नेण्यास मनाई करणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले. कंत्राटी पद्धतीने ह्या प्रश्नाला पुढे निराळे वळण दिले. मुंबई महानगरपालिकेतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करावे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१७ साली कायम झाला, तो संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर.

केराची जागा आणि केर उचलणारा माणूस ह्या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करणारा कोकणातील पुरुष म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावे ह्यासाठी त्यांनी उपोषण केले. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यास गांधीजींनीही अन्नत्याग आरंभिला होता. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत करण्याचे आणि मृत जनावरांच्या चर्माचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. प्रत्येक घराने आपल्या घाणीचे खत आपल्या आवारात करावे म्हणजे भंगीकाम ही जातच उरणार नाही, असा त्यांच्या खटाटोपाचा रोख होता. अमात्यांच्या आज्ञेला येथे समतेची जोड मिळाली. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी सिद्ध केलेली कंपोस्टची पद्धती १९३१ साली प्रसिद्ध झाली होती, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही कंपोस्ट तयार करून विकण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्ञान होते, तरतूद होती आणि उदाहरणही होते. ह्या मार्गाने जाण्यास एकच अट होती: घराला परस हवे.

परस कोठे गेले, हे सांगण्यास फार विस्तार नको. मुंबईत जागा महागल्या, लोहमार्गाच्या कडेने चाळी व इमारती उभ्या राहिल्या, आणि नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर ह्या खेड्यांची नगरे झाली. १४ मे १९९० रोजी वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आचोळे हे नाव आता गावाइतकेच महानगरपालिकेच्या एका प्रभाग समितीचे नाव म्हणून परिचित आहे. महानगरपालिकेत गावे घालण्यास पश्चिम पट्ट्यातील वाडीवाल्यांनी जो तीव्र विरोध केला, त्यामागे करवाढीच्या भयाबरोबरच आपले परस आणि आपली मोकळी जमीन ह्यांवरील ताबा जाईल ही भीती होती, हेही नमूद केले पाहिजे.

ह्या नव्या नगराचा केर ज्या नियमांनी आवरावयाचा ते नियम आता गावाचे नव्हेत, देशाचे झाले. अल्मित्रा पटेल ह्यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून २००० सालचे घनकचऱ्याचे नियम निघाले. त्यांची जागा ८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी घेतली. ह्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन प्रत्येक कुटुंबावर घातले. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात वा तलावात कचरा टाकणे, जाळणे, पुरणे निषिद्ध ठरविले. आणि त्यासाठी शुल्क व दंड आकारणारे उपविधी करण्यास स्थानिक संस्थांना सांगितले. वाचकांच्या ध्यानात येईल की अमात्यांनी जी गोष्ट करावयास सांगितली, म्हणजे केर जागच्या जागी जाळावा, तीच येथे गुन्हा ठरली आहे. ह्यात विसंगती नाही. गडावरच्या केरात पाला, गवत आणि शेण होते. आजच्या केरात प्लास्टिक आहे. त्याची राख कोणत्याही परसात घालता येणार नाही.

परंतु २०१६ च्या नियमांचाही खरा भार अखेर एका जागेवरच येऊन पडला. वेगळा केलेला ओला कचरा कोठे कुजवावयाचा आणि उरलेला कोठे पुरावयाचा? मुंबईने हा प्रश्न फार पूर्वी आपल्या पद्धतीने सोडविला होता. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मुळात शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी घातला गेला, आणि देवनारचे कचराक्षेत्र १९२७ पासूनचे आहे. म्हणजे शहराने आपला केर गडाखाली ढकलला. वसई-विरारचा कचरा पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याशी, गोखिवरे येथील भोयदापाड्याच्या कचराक्षेत्रात जाऊ लागला. प्रक्रियेवाचून साठणाऱ्या ढिगांना लागणाऱ्या आगी आणि आसमंतात पसरणारा धूर हा तेथील रहिवाशांच्या नित्याच्या गाऱ्हाण्याचा विषय झाला.

आता आचोळ्याच्या त्या मोकळ्या जमिनीकडे वळू. उपप्रदेशाच्या विकास आराखड्यात आचोळे येथील अग्रवाल नगरी परिसरातील, भूमापन क्रमांक २२ ते ३४ मधील जमीन मलनिःसारण प्रक्रिया केंद्र आणि कचराक्षेत्र ह्यांसाठी राखून ठेवण्यात आली होती. ह्या सुमारे ६० एकरांच्या पट्ट्यात काही जमीन खाजगी मालकीची होती. राखीव जमीन आणि पड जमीन ह्यांत बाहेरून पाहणाऱ्यास भेद दिसत नाही. दोन्हींवर सारखेच गवत वाढते. भेद असतो तो कागदावर. येथे मात्र कागदच बनावट निघाले. २०१० ते २०१२ च्या सुमारास ह्या जमिनीवर ४१ इमारती अनधिकृतपणे उभ्या राहिल्या आणि त्यांतील सदनिका मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना विकल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे तेथे राहू लागली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ह्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामास आरंभ झाला आणि २०२५ च्या पहिल्या महिन्यांत ते पुरे झाले.

ह्या प्रकरणाकडे वृत्तपत्रांनी फसवणूक आणि भ्रष्टाचार ह्या दृष्टीने पाहिले, आणि ते योग्यच होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी काही आहे. १९०१ च्या कायद्यापासून चालत आलेली सारी यंत्रणा मोकळ्या जमिनीकडे दोनच प्रश्न घेऊन जाई: येथे रान माजले आहे काय, आणि येथे घाण साचली आहे काय? ह्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आले असते. रान कापले गेले होते, घाण नव्हती, वहिवाटदार होते. मोकळी जमीन मोकळीच राहिली पाहिजे, कारण नगराच्या केराची ती नेमलेली जागा आहे, हा तिसरा प्रश्न विचारणे नियोजनाच्या खात्याचे काम; झाडलोटीच्या खात्याचे नव्हे. एका खात्याला जागा राखावयाची होती, दुसऱ्याला जागा हवी होती आणि दोघांच्या मधून जागाच निघून गेली.

दोष केवळ खात्यांचा नाही. कचराक्षेत्राची जागा राखावी अशी इच्छा असणारा शेजारी मिळत नाही. शाळेसाठी वा उद्यानासाठी राखलेली जमीन बळकावली गेली तर रहिवासी मोर्चा काढतात. कचऱ्यासाठी राखलेल्या जमिनीवर इमारत उठली तर शेजाऱ्यास मनातून हायसेच वाटते. आरक्षणाला लोकांचा पहारा नसला म्हणजे त्याची भिस्त सर्वस्वी कागदावर राहते. जुन्या गावात उकिरड्याची जागा कोणी बळकावू शकत नसे, कारण ती ज्याची त्याला हवी असे. त्या खतावर त्याचे भात अवलंबून असे.

घर गमावलेल्या कुटुंबांचा प्रश्न ह्या विवेचनात गौण मानणे मात्र चुकीचे होईल. ती कुटुंबे बहुतांशी मुंबईच्या जवळ परवडणारे घर शोधीत आलेली होती. त्यांनी आपल्या घरातील केर वेगळा केला असेल, शुल्क भरले असेल. २०१६ च्या नियमांनी गृहस्थावर घातलेली सर्व कर्तव्ये पाळूनही ज्या भूमीवर ते राहत होते ती भूमी केरासाठी होती, हे त्यांस घरावर नोटीस लागेपर्यंत कळले नाही. १९०१ च्या कलमातली नोटीस जमीन साफ करण्यास सांगणारी होती. ही नोटीस त्यांनाच तेथून काढणारी होती.

राहिला प्रश्न पाडलेल्या इमारतींचा. राडारोड्यासाठी केंद्र शासनाने २९ मार्च २०१६ रोजी स्वतंत्र नियम केलेले होते, कारण बांधकामाचा मलबा घरगुती कचऱ्यात मिसळू नये, तो वेगळा साठवावा आणि शक्य तेवढा पुन्हा वापरावा अशी दृष्टी होती. ४१ इमारतींच्या विटा, काँक्रीट, खिडक्यांच्या चौकटी आणि घाईत मागे राहिलेले घरसामान, हे सर्व त्या नियमांच्या कक्षेत येणारे द्रव्य प्रथम पडले ते त्याच भूमापन क्रमांकांवर, जे विकास आराखड्यात केरासाठी राखून ठेवले होते.